उत्तर माहीत असलेला माणूस

क्विझकाकांना उत्तर माहीत असतं. प्रश्न कुणी विचारलेला असो वा नसो.

हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची रांग लागते, तेव्हा काका बरोबर मधोमध उभे असतात. पुढचाही सापडतो, मागचाही. पुण्याहून नुकताच बदली होऊन आलेला एखादा बँकवाला सहज म्हणतो, "इथे मराठी माणसं बरीच आहेत की!" झालं. "मराठ्यांना अडवायला 1742 साली कलकत्त्याने काय केलं?" बँकवाला हातातल्या मोदकाकडे मदतीच्या आशेने बघतो. "खंदक! मराठा डिच! खणून पुरा झाला नाही, आणि मराठेही आले नाहीत. मग बुजवला, वर सर्क्युलर रोड केला. बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे." काका विजयी मुद्रेने पुढे वळतात. पुढच्याची पाळी.

लग्नात नवरदेव बोहल्यावरून उतरला की काका शेकहँडसाठी हात पुढे करतात आणि तो सोडत नाहीत. "'देशेर कथा' हे बंगाली पुस्तक लिहिणारा मराठी माणूस कोण?" नवरदेव नवरीकडे बघतो. संसारातला हा त्याचा पहिला पराभव. "सखाराम गणेश देऊस्कर! 1904! आणि 1910 मध्ये इंग्रजांनी बंदी घातली!" मग पाकीट देतात. पाकिटात एकशे एक रुपये असतात, पण माहिती फुकट.

आता हा दोष काकांचा एकट्याचा म्हणता येणार नाही, इथल्या पाण्याचाही आहे. देशातलं पहिलं खुलं क्विझ 1967 साली ह्याच शहरात झालं. पार्क सर्कसच्या ख्राईस्ट द किंग चर्चच्या हॉलमध्ये नील ओब्रायन यांनी ते घेतलं. काका तेव्हा शाळकरी होते, तरी "मी तिथे होतो" असं सांगतात. कलकत्त्यात त्या पिढीचा प्रत्येक क्विझवाला हेच सांगतो. ते सगळे खरोखर तिथे असते तर हॉलच्या भिंती पाडाव्या लागल्या असत्या. पुढे 1972 मध्ये रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ सुरू झालं. हमीद सयानींचा प्रश्न संपण्याआधी काका उत्तर देत. ते चुकलं तरी रेडिओ उलट बोलत नसे. काकांच्या आत्मविश्वासाचा पाया तिथे घातला गेला.

उलट बोलणारं यंत्र त्यांच्या आयुष्यात आलं ते शिकागोच्या भाच्याकडून. नव्वदच्या दशकात त्याने एक सीडी आणून दिली. 'यू डोन्ट नो जॅक', म्हणजे तुला काडीचं काही कळत नाही. 1995 सालचा खेळ, शिकागोच्याच जेलीव्हिजनने बर्कली सिस्टिम्सबरोबर काढलेला. पडद्यावर चित्रं जवळजवळ नाहीतच. अक्षरं नाचतात आणि एक सूत्रधार प्रश्न विचारता विचारता खेळणाऱ्यांचा पाणउतारा करतो. प्रश्नात एक पाय शेक्सपिअरच्या नाटकात, तर दुसरा अमेरिकन टीव्हीवरच्या कुठल्यातरी जाहिरातीत. उत्तर चुकलं की डॉलर वजा. आणि काकांना सर्वांत प्रिय म्हणजे 'स्क्रू'. समोरच्याला येत नाही अशी खात्री पटली की हा स्क्रू लावायचा, मग त्याला उत्तर द्यावंच लागतं. शिकागोच्या लोकांना ही कल्पना 1995 मध्ये सुचली. प्रसादाच्या रांगेत काका ती कितीतरी आधीपासून वापरत होते.

यंदा माळा आवरताना ती सीडी पुन्हा सापडली. नवा लॅपटॉप तिला तोंडात घेईना, कारण त्याला तोंडच नव्हतं. चांदनी मार्केटातल्या दुकानदाराने सीडी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "दादा, एटा तो म्युझियमे दिन!" पण संग्रहालयात ठेवण्याजोगा एक कॉम्प्युटरही त्याच्याच दुकानात निघाला. काकांनी तो टॅक्सीत घालून आणला. वाटेत ड्रायव्हरला विचारलं, "मेट्रोचा पहिला टप्पा कुठून कुठपर्यंत?" ड्रायव्हर म्हणाला, "एस्प्लनेड ते भवानीपूर, चौऱ्याऐंशी साल, मी बाबांबरोबर बसलो होतो." काका घरापर्यंत गप्प होते.

रविवारी डाव मांडला. खेळणारे तीन: काका, काकू आणि शेजारधर्म म्हणून मी. कीबोर्ड एकच, बझरच्या कळा तीन. डावीकडे क्यू, खाली मधोमध बी, उजवीकडे पी. तीन देह एका फळीला चिकटले. पंखा काकांच्या अंगावर.

पहिल्या प्रश्नात हॅम्लेट निघाला. काकांनी बझर दाबला आणि आमच्याकडे वळले. "आता बघा, मूळ कथा डेन्मार्कची. सॅक्सो ग्रामाटिकस नावाचा एक..." वेळ संपली. सूत्रधाराने काकांची दोन वाक्यांत धुलाई केली, डॉलर कापले आणि तो पुढच्या प्रश्नाकडे निघूनही गेला. "अरे, मला बोलू तरी दे!" काका पडद्याला म्हणाले. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. ह्या घरात काकांना मधेच तोडणारा पहिला पुरुष त्या बघत होत्या.

तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला काकांनी काकूंवर स्क्रू लावला. अमेरिकेतल्या जुन्या मालिकेचा प्रश्न होता. "सांग आता!" काकूंनी चष्मा वर केला आणि दोन नंबर दाबला. बरोबर! "दोनच का?" काका ओरडले. "तीनवर तुमचं बोट होतं," काकू म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कीबोर्डला हातच लावला नाही. काका आणि मी ईर्ष्येने बझर दाबत राहिलो आणि उणे खात्यात खोल गेलो. शेवटच्या 'जॅक अटॅक'मध्ये तर काकांनी एक शब्द सोडला नाही, आणि एकही बरोबर पकडला नाही. काकू शेंगा सोलत होत्या. यंत्राने त्यांना विजयी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरचे डॉक्टरबाबू भेटले. काकांनी त्यांना खेळाचं साल, गाव, कंपन्या, कळा, सगळं सविस्तर सांगितलं. डॉक्टरबाबूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "के जितलो?"

"प्रश्न फार मोघम आहे," काका म्हणाले. "पर्याय द्या."

काकू पिशवी घेऊन मागून उतरत होत्या. "एक, मी. दोन, मी. तीन, मी. चार, वरीलपैकी सर्व."

काकांनी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"पास," ते म्हणाले.