गरिबी, खिडकीनिहाय

‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’ ही महाराष्ट्राच्या शासकीय परिभाषेतील बहुधा सर्वांत लवचीक संज्ञा असून, तिचा अर्थ अर्जदाराच्या खिशावर नव्हे, तर तो ज्या खिडकीपुढे उभा आहे त्या खिडकीवर ठरतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 अन्वये खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशस्तरावरील 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात. बोलीत याला ‘आरटीई’ म्हणतात, आणि त्यासाठी दुर्बल ठरायचे तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असावे लागते. त्याच मुलाच्या आईबापांनी म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत कल्याणजवळच्या खोणी-शिरढोणचे घर मागितले, तर सहा लाखांपर्यंत ते दुर्बलच राहतात. आणि मूल मोठे होऊन 2019 च्या घटनादुरुस्तीने आलेल्या 10 टक्के आरक्षणाच्या रांगेत उभे राहिले, की मर्यादा आठ लाखांवर जाते. पहिलीतल्या पोराने कॉलेजातल्या पोरापेक्षा आठपट दुर्बल असावे, या अपेक्षेमागे शासनाचा काही बालमानसशास्त्रीय विचार असणार, एवढाच निष्कर्ष अभ्यासकाच्या हाती उरतो.

एक लाखाला बाराने भागले असता महिन्याला 8,333 रुपये येतात. डोंबिवलीच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी आई आणि सोसायटीत रात्रपाळीची वॉचमनकी करणारे वडील, या दोघांची कमाई मिळून या आकड्याच्या वर गेली की ते कुटुंब शिक्षण खात्याच्या हिशेबी सुखवस्तू होते, मग घरभाडे कितीही असो. अर्थात मोलमजुरीला पगारपत्रक नसल्यामुळे उत्पन्न ‘असावे’ लागत नाही, ‘दाखवावे’ लागते, आणि त्यासाठी तहसीलदारांचा दाखला लागतो. त्याचा अर्ज ज्या दुकानवजा केंद्रातून भरला जातो, तेथे संगणकापुढचा मुलगा मान वर न करता आधी ‘कशासाठी पाहिजे?’ आणि मग ‘किती टाकू?’ असे दोनच प्रश्न विचारतो. ‘शाळेसाठी’ असे उत्तर आल्यावर त्याची बोटे आपोआप एक लाखाच्या अलीकडच्या आकड्यावर जातात, कारण शिंप्याला जसे गिऱ्हाईक पाहून माप कळते तसे त्याला योजना ऐकून उत्पन्न कळते. दारिद्र्यरेषेवर तेंडुलकर आणि रंगराजन यांच्या समित्यांनी जे डोके शिणवले, ते काम येथे काही मिनिटांत, झेरॉक्सच्या दरात होते.

शिधापत्रिकेची खिडकी आणखी जुनी. 1999 मध्ये तिरंगी कार्डे आली तेव्हा पिवळ्या कार्डासाठी वार्षिक 15,000 रुपयांची, तर केशरीसाठी एक लाखाची मर्यादा ठरली. पुढे अन्नसुरक्षेच्या धान्यासाठी शहरात 59,000 हा आकडा आला, जो साठ हजार का नाही याचे उत्तर बहुधा बाटाच्या दुकानात मिळावे. या आकड्यांशेजारी नव्या योजना ठेवल्या की मौज सुरू होते. ‘लाडकी बहीण’ योजनेत बहिणीला जुलै 2024 पासून महिना 1,500 म्हणजे वर्षाला 18,000 रुपये मंजूर झाले. ते उत्पन्न धरले, तर ओवाळणीच्या जोरावरच ती पिवळ्या कार्डाच्या वर जाते. तिच्या पदवीधर मुलाला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना 10,000 विद्यावेतन, सहा महिन्यांचे 60,000, म्हणजे अन्नसुरक्षेच्या रेषेपेक्षा बरोबर एक हजार जास्त. नंतर मुदत अकरा महिन्यांची झाली आणि रक्कम एक लाख दहा हजारांवर पोहोचून धाकट्या भावाच्या आरटीईलाही ओलांडून गेली. 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठीची ‘लेक लाडकी’ तर पाच, सहा, सात, आठ आणि शेवटी अठराव्या वर्षी पंचाहत्तर हजार असे टप्पे मिळून 1,01,000 रुपये देते, आणि हा आकडा अर्थखात्याने नव्हे तर लग्नातल्या आहेराच्या वहीने सुचवलेला दिसतो. एका खात्याचा लाभ दुसऱ्या खात्याने उत्पन्नात धरला नाही, म्हणून घरे तग धरून आहेत.

खिडक्यांचा हा घोळ आटोपता घेण्याचा एक प्रयत्न 9 फेब्रुवारी 2024 रोजी झाला, हे शासनाच्या बाजूने नोंदवले पाहिजे. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट, असा नियम काढण्यात आला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या दाट वस्तीत पालिकेची शाळा एक किलोमीटरच्या आत सहसा असतेच, त्यामुळे खिडकी बंद झाल्याने रांगही उरली नसती. मुंबई उच्च न्यायालयाला ही साधी युक्ती पटली नाही आणि जुलैत त्याने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये तोच निर्णय कायम ठेवला.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 पासून मालवाहू कंटेनरमध्ये ‘सिग्नल शाळा’ भरते, जी महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ मिळून चालवतात. सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या कुटुंबांची मुले तेथे शिकतात, आणि ज्यांचा पत्ता ‘पुलाखाली, खांबाजवळ’ असा असतो त्यांच्यापर्यंत शाळाच चालत आली, ही गोष्ट दाखल्यांच्या शास्त्रात बसत नसल्यामुळे तिचे कौतुक होते, अनुकरण मात्र क्वचित.

बाकीच्यांनी कागद सांभाळावेत. ऑक्टोबर 2024 मध्ये प्रतिज्ञापत्राचा मुद्रांक शंभरावरून पाचशेवर नेण्यात आला, म्हणजे गरिबी सिद्ध करण्याचा खर्चही महागाईला धरून वाढला. विद्यार्थ्यांच्या दाखल्यांना त्यातून मोकळीक मिळायला 2025 उजाडले. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते. एप्रिलपासून नवा काढावा लागतो.