वारसाहक्काची पिशवी

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली पिशव्यांचा हिशेब मांडला आणि भल्याभल्या सज्जनांच्या खांद्यावरची कापडी पिशवी एकाएकी जड झाली. कापूस पिकवण्यापासूनचे सगळे परिणाम धरले, तर साधी सुती पिशवी ७,१०० वेळा वापरावी, तेव्हा कुठे ती दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. कापूस सेंद्रिय असेल तर २०,००० वेळा, कारण सेंद्रिय शेतीत उतारा कमी. आठवड्यातून दोनदा मंडई धरली तर झाली १९२ वर्षं. पेशवाई बुडाल्यावर पंधराएक वर्षांनी घेतलेली पिशवी आत्ता कुठे निर्दोष सुटणार, तीही मधल्या पाच पिढ्यांत कुणी तिच्यातून सुरमई आणली नसेल तर.

हा आकडा कापसावर अन्याय करतो असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. ७,१०० चा फुगवटा मुख्यतः ओझोन थराच्या निकषामुळे आलेला. नुसता हवामानबदल पाहिला तर सुती पिशवी ५२ फेऱ्यांत सुटते. शिवाय त्या हिशेबात रस्त्यावरचा कचरा धरलेलाच नाही. तिकडे प्लॅस्टिकची पिशवी कचऱ्याच्या डब्याला अस्तर होऊन भट्टीत जाते, इकडे ती गटारात मुक्काम करते. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या नाल्यांत तिचाही हात होता. तेव्हा महाराष्ट्राने २०१८ साली घातलेली प्लॅस्टिकबंदी चुकली, असा निष्कर्ष डेन्मार्कहून आयात करायचं कारण नाही.

पण ५२ फेऱ्या तरी कोण करतं? दारामागच्या खिळ्यावरच्या पिशवीत हात घातला तर आत पिशव्याच निघतात. वर ‘सप्रेम भेट’ची, जिच्यावरच्या जोडप्याच्या मुलाची मुंज झाली तरी घडी मोडलेली नाही; तिच्याखाली कुठल्याशा परिषदेची, ‘झाडे वाचवा’वाली, तीही कोरी. सामाजिक भान असलेल्या डिझाइनची गोची इथेच आहे. २००७ साली लंडनच्या अन्या हाइंडमार्च यांनी ‘मी प्लॅस्टिकची पिशवी नाही’ असं लिहिलेली सुती पिशवी काढली, किंमत पाच पौंड. सेन्सबरीजच्या दुकानांपुढे रांगा लागल्या आणि इंटरनेटवर ती कित्येक पट भावाने खपली. ती चीनमध्ये शिवलेली आणि कापूस सेंद्रिय नाही, म्हणून पुढे ओरड झाली (डेन्मार्कच्या हिशेबाने हे बरंच झालं म्हणायचं). खरी खोट दुसरीच होती. इतकी मिरवायची पिशवी कांदेबटाट्यांना कोण नेणार?

याउलट जुन्या पँटच्या पायाची पिशवी बघा. तिच्या कापसाचं कर्ज पँटने आधीच फेडलेलं. खाली दुहेरी शिवण, बंदांना लेंग्याची नाडी, आणि रूप असं की विसरली तर भाजीवालाच मागून हाक मारतो. ती मॉलमध्ये शोभत नाही, हा आक्षेप मान्य. पण पिशवी शोभायला लागली की कपाटात जाते, आणि कपाटात तिला सोबत म्हणून दुसरी येते. पँटच्या पिशवीचं मात्र फाटल्यावर लादी पुसायचं फडकं होतं, आणि त्यावर संदेश छापायचं सुदैवाने अजून कुणाला सुचलेलं नाही.