निम्म्यावर अननस

आमच्या घरात ‘काय खाणार?’ हा प्रश्न फक्त पाहुण्यांना विचारला जायचा, आणि त्यांनीही ‘काही नको, आत्ताच जेवून निघालो’ एवढंच उत्तर द्यायचं, असा अलिखित करार होता. घरच्यांना विचारायचं काही कारणच नव्हतं. रांधलेलं ताटात येई आणि ताटातलं पोटात जाई. आवडीनिवडी सगळ्यांनाच होत्या, पण त्या ताटात लपवायची सोय होती. पडवळ नको असेल तर ते आमटीच्या वाटीआड सरकवायचं, कारल्यावर पोळीचा तुकडा पांघरायचा आणि आईची पाठ वळली की दोन्ही भावाच्या ताटात ढकलायचं. मराठी ताटाची मांडणी ज्या कुणी ठरवली, त्याला मनुष्यस्वभावाची चांगलीच जाण असणार. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मधे भाताची टेकडी. लपवालपवीला आडोसेच आडोसे.

पिझ्झावर आडोसा नसतो. जे काही आहे ते सगळं वर, उघड्यावर. शिवाय तो चार-पाच जणांत एक मागवायचा, म्हणजे भट्टीत जाण्याआधी त्यावर काय असावं याबद्दल चार-पाच जणांचं एकमत हवं. आमच्या घरात गणपती किती दिवसांचा यावर एकमत नव्हतं.

आमचा पहिला पिझ्झा सांगलीतला. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. गावभागातल्या एका बेकरीत खारी, टोस्ट आणि नानकटाईच्या बरण्यांशेजारी एके दिवशी ‘पिझ्झा बेस’ दिसू लागले. प्लास्टिकच्या पिशवीत दोन. वरून गुळगुळीत, तपकिरी, जागोजागी काट्याने टोचल्याच्या खुणा, आणि असे कोरडे की पिशवी उघडली की आधी भुगा बाहेर यायचा आणि मग बेस. आई कुकिंग क्लासला जात असे, तिच्या वहीत ‘पिझ्झा (इटालियन)’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. कृती इतकीच: बेसला दोन्ही बाजूंनी लोणी, वर टोमॅटो केचप, त्यावर कांदा-टोमॅटोच्या चकत्या आणि भोपळी मिरचीचे उभे काप, त्यावर अमूलच्या डब्यातलं चीज किसून, आणि सगळं तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर. घरात काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन होता, पण तो लग्नातला आहेर असल्यामुळे वापरून खराब करायचा नाही असं ठरलेलं होतं.

झाकण काढलं, की खालून बेस करपलेला, वरचा कांदा मात्र कच्चा आणि चीज घाम फुटल्यासारखं चकाकत बसलेलं. जाहिरातीत असते तशी तार काही निघायची नाही. प्रक्रिया केलेलं चीज मऊ होतं, पण ताणलं जात नाही. तारेसाठी मोझरेला लागतं, आणि ते तेव्हा सांगलीत औषधालाही मिळत नव्हतं. आत्याने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि निकाल दिला, “खारट साबण आहे.” भावाने साबणाचे तीन तुकडे खाल्ले. बाबांनी नेहमीप्रमाणे काही न बोलता समोरचं संपवलं आणि ताट घासायला ठेवलं. बाबांना सगळंच आवडतं, हे आमच्या घरातलं गृहीतक होतं.

शेजारचे काका जैन. सांगली-कोल्हापूर भागात जैनांची घरं पुष्कळ, त्यामुळे त्यांचे नियम आम्हाला पाठ होते: कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि जेवण दिवस मावळायच्या आत. त्यांच्या मुलाला आमच्याकडचा वास पोहोचला होता. आईने त्याच्यासाठी वेगळा तवा काढला, कांदा वगळून कोबी घातली आणि संध्याकाळी पाच वाजता त्याला पिझ्झा वाढला. मोठमोठ्या कंपन्यांनी पुढे ‘जैन पिझ्झा’ बाजारात आणला, तेव्हा आईने त्या बातमीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

१९९६ साली डॉमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बंगळुरूत उघडलं. ते लोण पुण्यापर्यंत आलं तोवर आम्हीही सांगलीहून पुण्याला आलो होतो. आता पिझ्झा तव्यावर नव्हे, फोनवर व्हायचा. पहिल्यांदा फोन लावला तेव्हा पलीकडच्या मुलाने अतिशय अदबीने विचारलं, “सर, टॉपिंग काय काय हवंय?” मी रिसीव्हरवर हात ठेवून तोच प्रश्न खोलीत सोडला. आमच्या घराच्या इतिहासात घरच्याच माणसांना खाण्याबाबत मत विचारलं जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. कुणाला काय बोलावं सुचेना. आत्या ‘देवाला विचारा’ असं काहीतरी पुटपुटली. आणि मग बाबा, जे वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते, वर न बघता म्हणाले,

“भोपळी मिरची नको.”

आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आमच्या घरात आठवड्यातून एकदा पीठ पेरून भोपळी मिरची व्हायची. लग्न झाल्यापासून. बेसन खमंग भाजलेलं, कडेने तेल सुटलेलं, बुडाला लागलेली खरवड उलथन्याने काढून आई ती खास बाबांच्या पानात वाढायची.

“नको म्हणजे?” आई.

“आवडत नाही.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“मग पातेलं पुसून कशी खात होतात इतकी वर्षं?”

“उरली तर दुसऱ्या दिवशी डब्यात येते,” बाबा म्हणाले आणि पान उलटलं.

फोनवरचा मुलगा अजून ‘सर? सर?’ करत होता. मी कांदा-पनीर सांगून टाकलं. बाबांचा युक्तिवाद बिनतोड होता हे आईलाही कळलं असावं, कारण त्या रात्री ती काहीच बोलली नाही. मात्र पीठ पेरलेली भोपळी मिरची पुढच्या आठवड्यातही झाली. फक्त खरवड माझ्या पानात आली.

त्यानंतर घरातल्या सगळ्यांना कंठ फुटला. माझी बायको नागपूरची, सावजी मसाल्यावर वाढलेली. पिझ्झाबरोबर मिरचीच्या बियांची पुडी येते, ती तिने पहिल्यांदा हातात घेतली, दिव्यासमोर धरली आणि विचारलं, “हे तिखट आहे की शोभेचं?” तेव्हापासून आमच्याकडे पिझ्झाचा खोका उघडण्याआधी ठेच्याची बाटली उघडते. त्या पुड्या मात्र कुणी टाकत नाही. स्वयंपाकघरात एक खण त्यांनीच भरला आहे, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांना ‘असू देत, लागतात’ असं जीवदान मिळतं.

मुलीची बाजू अननसाची. अननस म्हटल्यावर आत्या जी उसळली! फळ आणि दुधाचा पदार्थ एकत्र म्हणजे विरुद्ध आहार, आयुर्वेदात सांगितलंय, अंगावर पित्त उठेल, वगैरे. मुलगी तेव्हा आठवीत असेल. तिने शांतपणे विचारलं, “आत्याआजी, शिकरण कशाचं करतात?” आत्या गप्प. मुलीने मुद्दा पुढे रेटला, “आणि लग्नात तू दोनदा मागून घेतलास तो अननसाचा शिरा? त्यात तूप कुठून आलं होतं?” यावर आत्याने ‘मुलींना इतकं शिकवू नये’ असं म्हणून विषय संपवला. मी मनातून मुलीच्या बाजूचा आहे, पण घरात शांतता हवी म्हणून आजवर तसं बोललेलो नाही.

अननसावरून भांडणारे आपण एकटे नाही, हे कळल्यावर मला बरं वाटलं. पिझ्झावर डबाबंद अननस पहिल्यांदा घातला तो सॅम पानोपुलस या मूळच्या ग्रीक माणसाने, १९६२ साली, कॅनडातल्या चॅथम गावच्या आपल्या हॉटेलात. नाव मात्र हवाईचं. २०१७ मध्ये आइसलँडचे अध्यक्ष एका शाळेत मुलांसमोर गमतीने म्हणाले, की माझ्या हाती असतं तर पिझ्झावरच्या अननसावर मी बंदीच घातली असती. त्यावरून जगभर एवढा धुरळा उडाला की त्यांना रीतसर खुलासा करावा लागला: मला अननस आवडतो, फक्त पिझ्झावर नाही, आणि असे कायदे करायचा अधिकार मला नाही हे उत्तमच आहे. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना स्वतःच्या अधिकारांबद्दल अशी शंका कधी आल्याचं ऐकिवात नाही.

स्वीडनमध्ये पिझ्झावर केळं आणि करी पावडर घालतात, जपानमध्ये मका आणि मेयोनीज, ब्राझीलमध्ये मटार. हे मी आत्याला वाचून दाखवलं. मटाराला तिने मान्यता दिली.

तरी मूळ पिझ्झा काय असतो ते एकदा बघावं म्हणून आम्ही इटलीला गेलो. म्हणजे गेलो सहलीबरोबर, आणि सहलीच्या पत्रकात ‘रोज भारतीय भोजन’ असं लाल अक्षरात होतं म्हणून आत्याही आली. नेपल्समध्ये बाकीची मंडळी राजमा-चावल खायला गेली. आम्ही तिघं हळूच मागे राहिलो आणि १८७० पासून चालू असलेल्या एका पिझ्झेरियाच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.

तिथे यादी हातात आल्यावर मला सांगलीची आठवण झाली. यादी कसली, नावं जेमतेम दोन-तीन. मार्गेरिता आणि मारिनारा हेच मुख्य. निम्म्यावर हे, निम्म्यावर ते, जास्तीचं अमुक, तमुक वगळून, असलं काही नाही. आणि वाटून खायची पद्धतही नाही. माणशी एक अख्खा, सुरी-काट्यासह. आत्याला समोरच्याने खुणेने विचारलं, तीही खुणेनेच म्हणाली, चीज नको. आणि तो चक्क हसला. कारण मारिनारामध्ये चीज नसतंच: टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल, बस्स. मोझरेला वगैरे पडतं ते मार्गेरितावर. तीस वर्षं जिला आम्ही ‘आत्याला पिझ्झा कळत नाही’ म्हणत होतो, ती नेपल्सच्या जुन्या रिवाजाने बरोबर निघाली. तिने तो अख्खा खाल्ला. मग माझ्या मार्गेरितातून तार लांबते आहे हे पाहून पाकाची पारख करावी तशी बोटाने ती ओढून बघितली आणि म्हणाली, “तीनतारी आहे. बर्फीला चालेल.”

नेपल्सच्या लोकांचा काटेकोरपणा मला मनापासून आवडला. युरोपीय संघाच्या २०१०च्या नियमावलीनुसार अस्सल नेपोलिटन पिझ्झाचा व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, काठ १ ते २ सेंटिमीटर उंच, मधली जाडी ०.४ सेंटिमीटर, लाकडाच्या भट्टीचं तापमान सुमारे ४८५ अंश सेल्सियस, आणि भाजायचा वेळ ६० ते ९० सेकंद. २०१७ मध्ये तर तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांची कला युनेस्कोच्या वारशात गेली. आमच्याकडे १९७० पासून कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आहे, वाटी-चमच्याच्या मापाची. पण आत्यासारख्या बायकांनी त्यावरही ‘आमच्यात असं नसतं’ म्हणून पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या आहेत. युरोपीय संघाने आधी सदाशिव पेठेत येऊन उकडीच्या मोदकाच्या कळ्या मोजून दाखवाव्यात.

जेवताना आत्याला मी मार्गेरिताची गोष्ट सांगितली. १८८९ मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली, एस्पोझितो नावाच्या माणसाने तिच्यापुढे तीन तऱ्हेचे पिझ्झे ठेवले, त्यातला टोमॅटो-मोझरेला-बेझिलचा तिला आवडला, म्हणून तिचं नाव पडलं. जाणकार या कथेवर फारसा विश्वास ठेवत नाहीत, हेही सांगितलं. आत्याला मात्र कथेच्या खरेपणाशी कर्तव्य नव्हतं.

“राणीचं काय बाबा,” ती म्हणाली, “तिला तीन करून विचारणारं कुणीतरी होतं.”

गेल्या दिवाळीत सगळे एकत्र जमलो. फराळाचा कंटाळा आला म्हणून भाऊबिजेच्या रात्री पिझ्झा मागवायचं ठरलं. आता फोनही करावा लागत नाही, मुलगी मोबाइल घेऊन मधोमध बसली आणि एकेकाला विचारत सुटली. आत्याचा बिनचिजाचा. बायकोचा कशाचाही, ठेचा घरचा आहे. भावाचा कोंबडीचा, पण वेगळ्या खोक्यात, वेगळ्या टेबलावर. तिचा स्वतःचा निम्म्यावर अननस; उरलेला निम्मा कोण घेणार यावर लिलाव. आजोबांचा भोपळी मिरची सोडून काहीही, हे तर तिला विचारायचीही गरज नव्हती.

“आणि आजी, तुझा?”

“मला काहीही चालेल गं,” आई चकल्यांचा डबा लावत म्हणाली.

“काहीही असं इथे बटण नाहीये. सांग.”

आईने डबा बाजूला ठेवला. जरा विचार केला.

“भोपळी मिरची घाल,” ती म्हणाली. “भरपूर. मला फार आवडते.”

बाबांनी चष्मा काढला. “म्हणजे ती दर आठवड्याला व्हायची ती...?”

“मग? स्वयंपाक कोण करत होतं?”