पाय कुणी मोजायचे?

जनुक-संपादनाचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, निसर्गात ढवळाढवळ नको. दुसरा म्हणतो, विज्ञानाची वाट अडवू नका. दोघंही तावातावानं बोलतात आणि ज्याच्या अंगावर हे सगळं चालतं, त्या डुकराकडे दोघांचीही पाठ असते.

म्हणून आधी डुकराकडे बघू.

२०१५ साल. दक्षिण कोरियाचे जिन-सू किम आणि चीनमधल्या यानबियान विद्यापीठाचे शी-जून यिन यांच्या चमूनं पिळदार डुकरं तयार केली. मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन स्नायूंची वाढ आवरून धरतं. त्याचं जनुक निकामी केलं की स्नायू वाढतच सुटतात. या डुकरांच्या मांड्यांचे गोळे कातडीखालून उठून दिसत होते. फोटो जगभर झळकले. मांस जास्त, चरबी कमी. आणखी काय हवं?

पिल्लं हवीत, जिवंत.

ती होती ३२. आठ महिने काढले १३ पिल्लांनी. बातमी छापून आली तेव्हा उरली होती दोन. त्यातलं धडधाकट म्हणावं असं एक.

ही पिल्लं क्लोनिंगनं जन्मलेली होती आणि क्लोनिंगमध्ये पिल्लं दगावतातच, असं कुणी म्हणेल. मान्य. पण पिल्लाचा आकारच एवढा वाढला की डुकरीण वेताला अडते, याचं खापर क्लोनिंगवर कसं फोडणार? बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांत मायोस्टॅटिनचा हाच दोष आपोआप आलेला आहे. १९९७ मध्ये तो नेमका सापडलाही. त्या गाईंची वासरं सर्रास पोट कापून काढावी लागतात. म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय, हे डुकराला हात लावण्याआधी अठरा वर्षं माहीत होतं!

संशोधकांचा बेत वेगळा होता. या डुकरांचं वीर्य विकायचं, साध्या डुकरिणींशी संकर करायचा, म्हणजे पिल्लांत दोष निम्मा उतरेल आणि ती तगतील. युक्तिवाद रास्त आहे. मग ती संकराची पिल्लं आधी दाखवायची, फोटो नंतर काढायचे.

त्याआधीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १९८०च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात डुकरांमध्ये माणसाच्या वाढ-संप्रेरकाचं जनुक घातलं गेलं. पाठीवरची चरबी घटली, खाद्यही चांगलं अंगी लागलं. हिशेबाच्या वहीत सगळं छान. गोठ्यात मात्र सुजलेले सांधे, जठरात व्रण, वाढलेलं हृदय, बिघडलेली मूत्रपिंडं. वजन पेलायला पाय लागतात, एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती?

आता निसर्गवाद्यांनी टाळ्या वाजवू नयेत. त्यांच्यासाठी पिएत्रें आहे.

बेल्जियममधली ही डुकराची जात. मांसल, रुंद पुठ्ठ्यांची, देखणी. प्रयोगशाळेचा संबंध नाही. चांगला नर, चांगली मादी निवडायची, पिढ्यानपिढ्या चालत आलेली रीत. पण मांसलपणा निवडता निवडता एक घातक दोषही निवडला गेला. अशा डुकराला ट्रकमध्ये चढवायला हाकललं की स्नायूंच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा सुटतो. स्नायू आखडतात ते सुटतच नाहीत. ताप भराभरा चढतो, कातडीवर लाल-निळे चट्टे उठतात, पाय ताठ होतात आणि डुक्कर फळीवरच मरून पडतं. कत्तलखान्यापर्यंत पोचलंच, तर मांस फिकट, लिबलिबीत, पाणी सुटणारं. ज्या मांसासाठी एवढा आटापिटा केला, ते गिऱ्हाईकच घेईना.

आणि यातून सोडवलं कुणी? जनुकशास्त्रानंच. १९९१ मध्ये दोषी जनुक सापडलं, चाचणी आली आणि पैदासकारांना दोष हुडकून बाजूला काढता येऊ लागला.

तेव्हा जनुकांवरची कात्री कुणाच्या हातात, हा प्रश्न दुय्यम. ती कशासाठी चालवली, ते विचारा.

२०१७ मध्ये चिनी विज्ञान अकादमीच्या संशोधकांनी डुकरांत यूसीपी१ हे उंदराचं जनुक बसवलं. डुकराच्या पूर्वजांनी हे जनुक लाखो वर्षांपूर्वी गमावलं, म्हणून नवजात पिल्लांना थंडी सोसत नाही. दिव्याची ऊब कमी पडली तर ती गारठून मरतात. जनुक बसवलेल्या १२ पिल्लांचं शरीर मात्र चरबी जाळून स्वतःच ऊब धरू लागलं. चरबी सुमारे २४ टक्के कमी भरली. पैदासकाराचाही फायदा झाला, पण पिल्लाचा जीव वाचवून.

पीआरआरएस या रोगाचंही तेच. त्याचा विषाणू डुकरिणींचे गर्भ पाडतो, पिल्लांची फुप्फुसं निकामी करतो. सीडी१६३ जनुकातला छोटा तुकडा काढला की विषाणूला पेशीत शिरायचं दारच बंद. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशा डुकरांना मंजुरी दिली. मी या डुकराच्या बाजूनं आहे, बिनशर्त नाही. रोग गेला म्हणून त्याच गोठ्यात आणखी डुकरं कोंबली, तर पिल्लाच्या पदरात काय पडलं?

आपल्याकडेही त्याच साली जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. त्यावर जरूर वाद घाला. पण भाताचा निकष जनावराला लावू नका.

भाताच्या रोपाला सांधे नसतात.

म्हणून मागणी एकच. मांस किती टक्के वाढलं हे छापता ना? मग किती डुकरिणी अडल्या, किती पिल्लं दगावली, किती लंगडली, हेही छापा. शोधनिबंधाच्या पुरवणीत बारीक अक्षरांत नको. पहिल्या पानावर, त्या टक्केवारीला लागून.