कॅरमबोर्डावरची सेमीफायनल

कोल्हापुरात फुटबॉल तालमी खेळतात, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना तोंड दुखतं. पुण्याहून आलेल्या आमच्या एका पाहुण्यांनी पेपरात ‘पाटाकडील तालीम मंडळ विरुद्ध दिलबहार तालीम मंडळ’ असं वाचलं आणि ही कुस्ती किती वजनी गटातली, असं विचारलं. त्यांना सांगितलं, की हा फुटबॉल आहे. अकरा-अकरा जणांचा, राजर्षी शाहू स्टेडियमवर, चारच्या उन्हात. ज्यांचे आजे तालमीच्या मातीत घुमले, त्यांचेच नातू आता स्टड घालून पळतात. पाहुणे ‘अच्छा, असं होय’ म्हणाले आणि मिसळीकडे वळले. पुण्याचा माणूस ‘अच्छा, असं होय’ म्हणाला की त्याला काडीचंही पटलेलं नसतं, एवढं आपण धरून चालावं.

खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी ही नावं इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. २०१७ साली सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दर चार वर्षांनी चौकाचौकांत मेस्सी आणि नेमारचे कटआउट उभे राहतात, ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यावरून सख्खे भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत. पण ती सगळी हौस. खरा फुटबॉल म्हणजे बाद फेरीत पलीकडच्या पेठेशी पडलेली गाठ. ब्राझील हरलं तर रिओला वाईट वाटतं. पेठ हरली तर दुसऱ्या दिवशी दाढी करायला कुठल्या चौकातल्या सलूनमध्ये जायचं, इथपासून विचार करावा लागतो.

आमची पेठ कुठली आणि पलीकडची कुठली, हे मी सांगणार नाही. मला अजून याच गावात राहायचं आहे.

तर, सेमीफायनलच्या आदल्या रात्री जेवणं आटोपली की तालमीच्या कट्ट्यावर माणसं जमतात. बोलावणं कुणालाच नसतं. प्रशिक्षक नसतो, कारण त्याला कुणी विचारलेलं नसतं. खेळाडू तर मुळीच नसतात, कारण त्यांना खेळातलं काय कळतं? तालमीत एक जुना कॅरमबोर्ड आहे. तो बाहेर आणून पिंपावर मांडायचा, वरचा दिवा लावायचा आणि बोरिक पावडर मारायची. मग डावपेच सुरू.

या बोर्डाचं गणित मोठं सोयीचं आहे. नऊ पांढऱ्या सोंगट्या आम्ही, नऊ काळ्या ते. आमचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे राणी. त्यांचा नायजेरियाहून आलेला सहा फुटी फॉरवर्ड म्हणजे स्ट्रायकर. दोन्ही गोली सोड्याच्या बाटल्यांची टोपणं. हिशेब कसा अकराला अकरा बसतो. फक्त एक काळी सोंगटी मागच्या गणपतीत हरवली, ती आजतागायत सापडलेली नाही. त्यामुळे पलीकडची पेठ आमच्या बोर्डावर कायम दहाच जणांनिशी उतरते आणि आमची प्रत्येक योजना यशस्वी होते. इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोरानं यंदा हे लक्षात आणून दिलं आणि अकरावा म्हणून तिथं सुपारी ठेवली. सुपारी गोल. ती जागेवर ठरेना. घरंगळत येऊन दोनदा आमच्याच डीमध्ये घुसली, तेव्हा आबांनी ती उचलून तोंडात टाकली आणि त्यांचा राइट हाफ तिथंच बाद झाला.

आबा म्हणजे आमचे जुने बॅक. त्यांच्या काळात त्यांच्या अंगावरून बॉल जायचा किंवा माणूस जायचा, दोन्ही मिळून कधी गेले नाहीत, असं ते सांगतात. त्यांची योजना ठरलेली असते. आठ जण मागं ठेवायचे, एक मधे आणि एक पुढं, बॉल आला की उडवायचा. कुठं उडवायचा हे गौण. पोरगं म्हणालं, “आबा, आता हाय प्रेस खेळत्यात. त्यांच्या गोलीपासनंच पळवायचं, श्वास घिऊ द्यायचा न्हाई.” पोरगं रात्री जागून इंग्लंडचे सामने बघतं. आबांनी त्याच्याकडं नखशिखांत पाहिलं. “लिव्हरपूलला एप्रिलात चार वाजता ऊन किती असतं रं?” पोराला ते माहीत नव्हतं. “मग झालं तर. इथं पळणार कोण? तू?”

इतक्या वर्षांत माझ्या एक लक्षात आलंय. कट्ट्यावरचा माणूस फुटबॉलवर बोलतोय असं वाटतं, पण तो आपल्या धंद्यावरच बोलत असतो. गुळाच्या अडतीत आयुष्य काढलेले काका सांगतात, की पूर्वार्धात काही म्हणता काही करू नका, भाव चढू द्या, शेवटच्या दहा मिनिटांत माल काढा. बँकेतून निवृत्त झालेले साहेब एक गोल झाला की तो मुदत ठेवीत टाकावा, अशा मताचे. गुजरीतला कारागीर सोन्याच्या तारेवर दिवसभर डोळे फोडतो, त्याला लांब पास म्हटला की अंगावर काटा येतो. त्याला सगळं बारीक पाहिजे, इकडून तिकडं, तिकडून इकडं, वीतभर अंतरात. स्लॅब टाकणारे कंत्राटदार मधल्या फळीबद्दल बोलतात तेव्हा त्यात सळई किती आणि सिमेंट किती एवढाच प्रश्न असतो. मीही काही वेगळा नाही. मी प्रूफं तपासतो. माझं म्हणणं एवढंच असतं, की चुका कमी करा, आणि ते आजवर कुणीही मनावर घेतलेलं नाही.

मास्तर मात्र इतिहासाचे. त्यांना थेट मुद्द्यावर येता येत नाही. ते १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकपासून निघतात. तिथं नेव्हिल डिसोझा ऑस्ट्रेलियाला तीन गोल घालतो, भारत चौथा येतो आणि तोवर चहा गार होतो. मग १९६२, जाकार्ता, आशियाई स्पर्धा. जर्नेलसिंग म्हणजे बचावातला भिंतीसारखा गडी. डोक्याला मार लागून टाके पडलेले. पण प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला बाहेर बसवायचं सोडून सेमीफायनलला चक्क फॉरवर्डला घातला. त्यानं तिथंही गोल केला आणि फायनलला दक्षिण कोरियाविरुद्धही केला. आपण २-१ जिंकलो, सुवर्णपदक आणलं. हे सगळं खरं आहे, आणि मास्तर सांगतात तेव्हा अंगावर रोमांचही येतात. अडचण पुढच्या वाक्याची असते.

“म्हणून म्हणतो, आपला स्टॉपर उद्या पुढं खेळवा.”

“मास्तर, पण आपल्या स्टॉपरच्या डोक्याला टाके कुठं हायत?” कंत्राटदार म्हणाले.

“ते काय, सकाळी घालता येतील,” आबा म्हणाले.

कट्ट्यावर हेरखातंही आहे. आमच्या गॅरेजवाल्याची सासरवाडी पलीकडच्या पेठेत, आणि तीसुद्धा त्यांच्या गोलीच्या घराला लागून. वर्षभर या सोयरिकीबद्दल त्याच्याकडं संशयानं बघितलं जातं. त्याच्या देखत कुणी संघाची गोष्ट काढत नाही. पण सेमीफायनलच्या आठवड्यात त्याची पत एकदम वाढते, चहाचे पैसे त्याला कुणी देऊ देत नाही. यंदा त्यानं बातमी आणली, की गोलीच्या दोरीवर परवापासून क्रेप बँडेज वाळत पडतंय. धुतलेलं, पिळलेलं, दोन चिमटे लावून. सासूबाईंनी स्वतः बघितलंय.

कट्टा पाच मिनिटं आनंदात होता. मग अडतवाल्या काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला. बाजारात खराब माल पुढं कोण मांडतं?

“म्हंजे मुद्दाम वाळत घातलंय?”

“तर! त्यांना ठाऊक न्हाई व्हय, ह्येची सासू कुठं बसती ते?”

यावर बरीच चर्चा झाली. बँडेज खरं असेल तर गोलीच्या उजव्या बाजूला मारायचं. खोटं असेल तर डाव्या. त्यांना आपल्याला हे खोटं आहे असं कळेल असं वाटत असेल, तर पुन्हा उजव्या. सासूबाईंना फोन लावून बँडेजवर औषधाचा डाग होता का हे विचारावं, अशी सूचना आली. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. जावयानं फोन लावला. सासूबाई काय म्हणाल्या ते त्यानं सांगितलं नाही. पण डागाचा विषय तिथं संपला.

आणि मग सामना बरोबरीत सुटून टायब्रेकर झाला तर काय, हा प्रश्न आला. कोल्हापुरात हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. स्टेडियमवरची निम्मी हार्टफेलची पाळी टायब्रेकरलाच येते. पोराकडे इथं दाखल्यांचा साठा तयार होता. २०१४च्या विश्वचषकात नेदरलँड्स आणि कोस्टा रिका यांची उपांत्यपूर्व फेरीतली झुंज गोलशून्य राहिली. जादा वेळ संपता संपता प्रशिक्षक व्हॅन गालनं चांगला खेळत असलेला गोली काढला आणि नुसत्या पेनल्ट्यांसाठी टिम क्रूलला घातला. क्रूलनं दोन अडवल्या. नेदरलँड्स पुढं.

“आपण पण दुसरा गोली घालूया.”

कट्टा एकदम गप्प झाला. दुसरा गोली म्हणजे मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याचा भाचा. पोरगं चांगलं आहे, नम्र आहे, बॉल अंगावर आला की बाजूला होऊन वाट देतं. पदाधिकारी समोरच बसले होते. ते म्हणाले, “मी काय बोलणार? तुम्हीच ठरवा.” ठरवायला कुणीच तयार होईना. शेवटी नेदरलँड्सच्या लोकांची उंची जास्त असते, असं म्हणून विषय इज्जतीत मिटवण्यात आला.

मग दुसरा दाखला. २००६ साली बर्लिनला जर्मनी आणि अर्जेंटिना भिडले, तेव्हा जर्मन गोली लेमनच्या मोज्यात एक चिठ्ठी होती. अर्जेंटिनाचा कोण कुठं मारतो, ते तिच्यावर लिहिलेलं. प्रत्येक पेनल्टीआधी चिठ्ठी काढायची, वाचायची, परत मोज्यात सारायची. जर्मनी ४-२नं जिंकली. ही गोष्ट मात्र कट्ट्याला भिडली. चिठ्ठी लिहायला पैसे पडत नाहीत, आणि त्यात कुणाचा भाचा येत नाही. मेडिकल दुकानातल्या गड्यानं खिशातून पावतीबुक काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. त्यांचा दहा नंबर, डावीकडं.

“थांब,” बँकेचे साहेब म्हणाले. “डावीकडं म्हणजे कुणाच्या?”

“म्हंजे?”

“मारणाऱ्याच्या डावीकडं का गोलीच्या?”

साधा प्रश्न, पण त्यानं रात्र खाल्ली. दहा नंबरला बघणारे सगळे गॅलरीत गोलच्या मागं बसलेले. त्यांना जे डावं दिसलं ते गोलीचं डावं, म्हणजे मारणाऱ्याचं उजवं. पण गॅरेजवाल्यानं तो सामना मोबाइलवर लाइव्ह बघितला होता, आणि कॅमेरा बाजूला होता. त्यात कंत्राटदारांनी स्वतः उठून, बोर्डाकडं पाठ करून, चप्पल काढून पाय मारून दाखवला. त्यांची चप्पल उडून समोरच्या पत्र्यावर गेली. कुठल्या बाजूला गेली, यावरही एकमत होईना. मी प्रूफवाला म्हणून सुचवलं, की डावं-उजवं लिहूच नका, एक गॅलरीची बाजू आणि एक रस्त्याची बाजू असं लिहा. सगळ्यांना पटलं. चिठ्ठी पूर्ण झाली. मग आबांना शंका आली, की टायब्रेकर त्या टोकाच्या गोलवर झाला तर गॅलरी आणि रस्ता उलटे होतील. मेडिकलवाल्यानं पावती फाडली आणि दुसरी घेतली. त्या रात्री त्यानं पावतीबुकाची किती पानं फाडली असतील, ते दुकानाच्या मालकानं मोजावं.

एव्हाना बोर्डावर पावडरीचा चिखल झाला होता. कुणीतरी आवेशात टिचकी मारली आणि आमचा लेफ्ट बॅक थेट पॉकेटमध्ये गेला. राणी कुणाच्या तरी कोपराखाली होती. आवाज चढले होते. अडतवाले काका राणीला मागं ठेवा म्हणत होते, आबा पुढं, मास्तर बाहेर. “त्येचा पाय कालपासनं जड पडालाय.” “पाय जड न्हाई, मन जड हाय, आयटीआयचा निकाल लागला न्हाई अजून.” “त्येला झोप नीट लागत न्हाई, बगा.” या शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यांचं एकदम एकमत झालं आणि सगळेच ते मोठ्यानं सांगू लागले.

तेवढ्यात वरची खिडकी धाडकन उघडली. आमचा सेंटर फॉरवर्ड तालमीच्या समोरच, पहिल्या मजल्यावर राहतो. बनियनवर, केस विस्कटलेले. त्यानं खाली बोर्डाकडं, पावत्यांच्या तुकड्यांकडं आणि पत्र्यावरच्या चपलेकडं पाहिलं.

“आबा, दीड वाजला. उद्या मॅच माझी हाय. झोपू द्या की जरा!”

खिडकी बंद झाली. कुणी काही बोलेना. मास्तरांनी चष्मा काढला. पोरगं बोर्ड उचलायला लागलं. आबांनी त्याचा हात धरला.

“बगितलास डोळे? कसा पेटलाय! हाच राग उद्या पायात पाहिजे.” आणि आवाज चांगला चढवून ते म्हणाले, “बसा रं खाली, अजून दहा मिनिटं. लेफ्ट बॅक काढ त्यातनं बाहीर.”