चार आणे कमी

कुणी जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा फोटो पाठवून ‘हे कुठलं कार्ट्रिज (म्हणजे सुई बसते ती डबी) आहे?’ असं विचारलं, की मी लगेच उत्तर देत नाही. उत्तर ठाऊक असतं, पण लगेच दिलं तर त्याला किंमत राहत नाही. चहा घेतो, पेपर चाळतो आणि मग लिहितो, ‘हेडशेल उलटं करून, उजेडात, बाजूने फोटो पाठवा.’ तो आला की आणखी जरा थांबतो. मग एकच शब्द : ‘सोनोटोन.’ स्पष्टीकरण नाही, शुभेच्छा नाहीत. समोरून हात जोडलेले चार-पाच इमोजी येतात. ते मी बायकोला दाखवतो. ती म्हणते, “भाजीत मीठ जास्त झालंय ते तुम्हाला कळत नाही, आणि हे कळतं!”

खरं तर यात विद्या वगैरे काही नाही. मागे दोन पिना असल्या तर मोनो, चार असल्या तर बहुधा स्टिरिओ. वायरी पांढरी, निळी, लाल, हिरवी. सुईला उलटायची दांडी असेल तर एक बाजू ७८ची, दुसरी एल.पी.ची. नाव पुसलं गेलं असेल तर मल्टिमीटर लावायचा. मॅग्नेटिक असेल तर काहीशे ओहम दाखवतो. क्रिस्टल किंवा सिरॅमिक असेल तर अनंत. ‘अनंत’ दिसलं की मालकाचा चेहरा पडतो. “गेलं का हो?” मी भिंग न काढता म्हणतो, “हे असंच असतं.” डॉक्टर न झाल्याचं दुःख माझ्या वडिलांना होतं, मला नाही. कारण या एका वाक्यात मला डॉक्टरकीचं सगळं सुख मिळतं, तेही रात्री-अपरात्री न उठता.

आता क्रिस्टलचा विषय निघालाच आहे तर थोडं बोलतो. (घरात मला हे बोलू देत नाहीत.) फ्रान्समध्ये ला रोशेल नावाचं बंदर आहे. तिथे सतराव्या शतकात सेन्येत नावाच्या औषधविक्याने दारूच्या पिंपातल्या साक्यापासून एक क्षार तयार केला. कशासाठी? पोट साफ होण्यासाठी. दोनेकशे वर्षं युरोपने तो त्याच कामाला वापरला. मग १८८० साली पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवून दिलं, की काही स्फटिक दाबले की त्यांतून वीज निघते. त्यांच्या यादीत क्वार्ट्झ होता, पुष्कराज होता आणि हा जुलाबाचा क्षारही होता. पुढे त्याची चकती करून तिला सुई जोडली, आणि अख्ख्या जगाने त्या रेचकातून गाणं ऐकलं. संगीताने मन हलकं होतं असं आपण म्हणतो, त्याला असा शास्त्रीय आधार आहे.

या क्षाराचं मूळ टार्टारिक आम्लात, आणि चिंचेचा आंबटपणा म्हणजे मुख्यतः तेच. “मग आमच्या आमटीतून आवाज का येत नाही?” असं बायकोने विचारलं होतं. मी उत्तर देण्यापूर्वी मुलगा म्हणाला, “येतो की. बाबा भुरकतात ना.” असो. क्युरी बंधूंच्या त्याच यादीत उसाची साखरही आहे. खडीसाखरेचा खडा दाबला तरी अत्यल्प वीज निघते. ही बातमी आपल्याकडे वेळेवर पोहोचली असती, तर प्रत्येक सहकारी साखर कारखान्याशेजारी एक रेकॉर्ड कंपनी निघाली असती आणि दोन्हींचा चेअरमन एकच असता.

पण हा क्षार फार नाजूक. दमट हवेत विरघळतो, फार कोरड्या हवेत स्वतःचंच पाणी गमावून बसतो आणि साधारण ५५ अंशांला तर स्वतःच्याच पाण्यात वितळतो. म्हणजे मुंबई-कोकणात पावसाने मरण, नागपुरात पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाने. मेलेला क्रिस्टल मला जिवंत करता येत नाही. कुणालाच येत नाही. सिरॅमिकचं मात्र तसं नसतं. त्याची चकती बहुतेक वेळा धडधाकट असते. मेलेलं असतं ते सुई आणि चकती यांना जोडणारं इवलंसं रबर. ते कडक होऊन तडकतं, नाही तर काकवीसारखं पाघळतं. ते टाचणीने खरवडायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि तिथे सायकलच्या व्हॉल्वट्यूबचा तुकडा बसवायचा. सायकलवाला विचारतो, “कुठली सायकल?” मी म्हणतो, “सिरॅमिक.”

चिडायचं झालं तर मी इथे चिडतो. व्हॉल्वट्यूबच्या एका तुकड्यापायी अख्खा प्लेअर भंगारात जातो आणि त्याच्यामागून रेकॉर्डीही जातात. त्याच घरात मग दिवाणखान्यात पितळी भोंग्याचा नकली ग्रामोफोन येतो. त्यातून काहीच वाजत नाही, पण पाहुणे ‘वा’ म्हणतात.

दादरच्या मावशींनी मात्र प्लेअर टाकला नव्हता. पेटीवजा प्लेअर, आत सिरॅमिक आणि हेडशेलवर औषधाच्या दुकानातल्या चिकटपट्टीने डकवलेलं चार आण्याचं नाणं. सुई उडू नये म्हणून हा उद्योग त्या काळी घरोघर चाले. मी रबर बदललं, नाणं काढून टाकलं आणि मावशींना व्याख्यान दिलं. या जातीच्या सुईला पाच-सहा ग्रॅम वजन पुरतं, चार आण्याचं नाणं अडीच ग्रॅमचं, एवढ्या जादा भाराने रेकॉर्डीची चाळण होते. पुरावा म्हणून वसंतराव देशपांड्यांच्या नाट्यपदांची एल.पी. दिव्याखाली तिरपी धरली. सगळी काळीभोर, पण एका पदाचा पट्टा करडा पडलेला.

मावशींनी तो पट्टा बघितला. “हो, यांना तेवढंच पद आवडायचं,” त्या म्हणाल्या. “ऑफिसातून आले की तेवढंच. मी म्हणायची, अहो, पुढचं पण ऐका की जरा.”

मी एल.पी. पाकिटात घातली. झिजलेल्या खाचेचा दोष समजावून सांगायला माझ्याकडे आणखी बरंच होतं, पण ते तिथे सांगावंसं वाटेना.

“वाजतंय छान,” त्या म्हणाल्या, “पण नाणं कुठाय?”

“मावशी, ते २०११ सालीच चलनातून गेलं.”

“मी काय वाण्याकडे चालवणार आहे का? लाव परत.”

प्लेअर घरी आणून सुईच्या आर्मची स्प्रिंग सोनाराकडच्यासारख्या छोट्या काट्यावर बघत बघत जुळवली. नाण्यासकट भार बरोबर साडेपाच ग्रॅम यावा, अशी. नाणं नवीन चिकटपट्टीने पूर्वीच्याच जागी बसवलं. इतकं नाजूक काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही, आणि ते कुणाच्या लक्षात येण्याची काही सोय नव्हती. म्हणून बायकोला सविस्तर सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, “म्हणजे तिच्या प्लेअरवर चार आणे जास्त आणि तुमच्यात चार आणे कमी. हिशेब जुळला.”

मावशी खूश आहेत. भिशीला येणाऱ्या प्रत्येकीला त्या प्लेअर वाजवून दाखवतात आणि सांगतात, की मेकॅनिकने नाणं काढलं होतं, तेव्हा आवाजात काही राम नव्हता. नाणं परत लावलं आणि बघा! मेकॅनिक म्हणजे मी. परवा एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. कार्ट्रिजचा फोटो नाही, कंपनीची विचारणा नाही.

‘दादरच्या मावशींकडून आपला नंबर मिळाला. आमच्याकडे चार आणे सापडत नाहीत. आठ आणे चालतील का?’