टायरची पत्रिका

फर्दापुरात स्पोर्टी गाडी बाळगणं बेकायदा नाही, पण गाव तिच्याकडे साधारण त्याच नजरेने बघतं. आमच्याकडे वाहनांची वर्गवारी सोपी आहे. माल वाहते ती कामाची, पर्यटक कोंबून आणते ती धंद्याची, आणि एवढी मोठी डिकी असूनही जिच्यात युरियाची गोणी टाकू देत नाहीत ती सरांची. सर म्हणजे मी; शाळेत गणित शिकवतो. गाडी ऑक्टाव्हिया, टर्बो पेट्रोल, 180 अश्वशक्ती, दोन मालकांचं कोडकौतुक उपभोगून माझ्याकडे आलेली. ती आमच्याच जिल्ह्यात, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली आहे, या एका मुद्द्यावर मी तिला घरात घेतलं. "म्हणजे माहेर जवळच आहे," एवढंच सौ. म्हणाली. तिचा रोख परत पाठवण्याच्या सोयीकडे असावा.

आता 180 अश्वशक्तीचं इथे करायचं काय? अजिंठ्याचा घाट उतरला की आमचं गाव. घाटात वळणं आहेत, चांगली आहेत, पण प्रत्येक वळणावर माझ्या पुढे सिल्लोडहून मका भरून निघालेला ट्रक असतो आणि त्याच्या मागच्या फळक्यावरचं साहित्य दुसऱ्या गिअरमध्ये वाचत मी घाट उतरतो. दुसरा वळणदार रस्ता लेण्यांकडे जाणारा, चारेक किलोमीटरचा. तो खासगी गाड्यांना बंद. टी-पॉइंटला गाडी लावायची आणि बस पकडायची. म्हणजे सगळे घोडे पार्किंगमध्ये उभे आणि स्वार खिडकीची जागा धरायला पळतोय.

इतकं करूनही टायर झिजतात. आमच्याकडे जरा जास्तच. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. वर डांबर कितीही गुळगुळीत ओता, खालची माती आपले श्वासोच्छ्वास चालू ठेवते. त्यात जळगाव रस्त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं असं चाललं की माझे काही विद्यार्थी पाचवीत असताना पडलेली खडी दहावीच्या निरोप समारंभालाही हजर होती. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर, म्हणून पुढचेच दोन टायर आधी गेले. टायरच्या खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. रबर झिजत त्यांच्या पातळीला आलं, म्हणजे खाच 1.6 मिलिमीटर उरली, की टायर संपला. माझे उंचवटे रस्त्याला टेकले होते.

कोपऱ्यावरच्या टायरवाल्या मामूंनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "सर, ये तो गोटा हो गया. दहावीच्या पोराला परीक्षेनंतर सांगता ना, तसं सांगतो. आता काही करता येणार नाही."

मग स्थळं पाहणं सुरू झालं. दुसरा शब्द मला सापडत नाही, कारण टायरच्या अंगावर अख्खी पत्रिका छापलेली असते. 205/55 आर 16 हे गोत्र. रुंदी 205 मिलिमीटर, उंची त्याच्या 55 टक्के, बांधणी रेडियल, रिम 16 इंची. त्यापुढे 91 व्ही. 91 म्हणजे एक टायर 615 किलो पेलतो, आणि व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंत त्याची तक्रार नाही. शेवटी एका लंबगोलात जन्मतारीख: चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. शहरातल्या एका दुकानदाराने मला फोनवर घसघशीत सूट सांगितली. जाऊन पाहतो तर लंबगोलात 2419. म्हणजे 2019 च्या जून महिन्यातलं स्थळ, इतकी वर्षं गोदामात बसून होतं आणि "एकदम फ्रेश पीस" म्हणून दाखवायला आणलं होतं.

ही पत्रिका मी पारावर समजावून सांगत होतो, तर शेजारचे आबा मध्येच म्हणाले, "एक टायर सहा क्विंटल पेलतो?"

"हो आबा."

"चार मिळून चोवीस. मग डिकीत दोन गोण्या टाकायला तुमच्या जिवावर का येतं?"

या प्रश्नाला गणितात उत्तर नाही.

किमती ऐकून मी कापसात हिशेब करू लागलो. या भागात कुठलीही मोठी रक्कम कळायला तोच मार्ग आहे. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. माझ्या मापाचा बरा देशी टायर त्याच्या आसपास जातो. म्हणजे चाकाला एक क्विंटल. परदेशी नावाचा घेतला तर वर अर्धा क्विंटल आणखी. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आणला, म्हणून मी पेढे आणणार होतो, तेवढ्यात कळलं की ट्रॅक्टरच्या टायरचा 18 वरून 5 वर आला आहे. आबांनी ती बातमी मला दोन वेळा वाचून दाखवायला लावली.

सल्ला मात्र करमुक्त होता. पुण्यातला भाचा म्हणाला, "मामा, ग्रिप बघ, किंमत बघू नकोस." तो कंपनीच्या बसने कामावर जातो. एसटीतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, कडक रबराचा घ्या, नातवापर्यंत टिकेल. दोघांचंही खरं आहे, हीच अडचण. कडक रबर टिकतं पण ओल्या रस्त्यावर हात सोडतं. मऊ रबर घाटात धरून ठेवतं आणि लवकर संपतं. ज्या टायरात दोन्ही गुण आहेत त्याची किंमत मामू तोंडाने सांगत नाहीत, कॅल्क्युलेटर फिरवून दाखवतात.

मग मामूंनी हळूच एक आडवाट सुचवली. 205/55 च्या जागी चारही चाकांना 205/60 टाका. गाडी उंच होते, खड्डे पचतात. मी तिथेच पावतीच्या मागे मांडून पाहिलं. चाकाचा व्यास 632 वरून 652 मिलिमीटर, गाडी एक सेंटिमीटर वर. मोह झाला. पण व्यास वाढतो 3.2 टक्के, आणि मूळ व्यासापासून 3 टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा एक संकेत आहे. काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी 103 ने जात असेल. मक्याच्या ट्रकमागे हा प्रसंग कधी येणार, असं मामू विचारत होते, पण आयुष्यभर पोरांचे दशांश चिन्हापुढचे गुण कापणाऱ्या माणसाला पॉइंट दोन सोडवत नाही.

माझा स्वतःचा कल वाळूजकडे होता. गुडइयरचा कारखाना आमच्या जिल्ह्यात, गाडी शेंद्र्याची, टायर वाळूजचा. सोयरीक जिल्ह्याबाहेर फारशी जाऊ नये या मताचा मी आहे. शिवाय त्या नावाची कथा मला वर्गात सांगायला आवडते. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये रबर गंधकासह तापवून टिकाऊ करायची युक्ती शोधली, पेटंटसाठी कोर्टकचेऱ्या केल्या आणि 1860 मध्ये डोक्यावर कर्ज ठेवून तो वारला. त्याच्या नावाची कंपनी निघाली 1898 मध्ये, दुसऱ्याच लोकांनी काढली. नाव त्याचं, गल्ला त्यांचा. उलट फ्रान्सातले मिशेलिन बंधू पहा. 1900 मध्ये त्यांनी मोटारवाल्यांना प्रवासाची पुस्तिका फुकट वाटली. लोकांनी हिंडावं, टायर झिजवावेत, नवे घ्यावेत, हा शुद्ध हेतू. पुढे त्यातूनच हॉटेलांना तारे देणं सुरू झालं. आमच्या घाटाखालच्या ढाब्याला तारा मिळालेला नाही, पण टायर झिजवण्याचं काम तिथवरचा रस्ता इमानदारीने करतो.

मामूंनी दोन्ही कथा शांतपणे ऐकल्या. "सर, फॅक्टरी वाळूजला असली म्हणून टायर चालत येत नाही. तुमच्या मापात आज माझ्याकडे ही दोन कंपन्यांची जोडी आहे. बोला."

जोडीच घ्यायची होती. चार क्विंटल एकदम काढणं शक्य नव्हतं आणि मागचे दोन अजून बरे होते. मधल्या किमतीची, व्ही अक्षराची, चालू वर्षातल्या जन्माची देशी जोडी ठरली. पण खरा वाद नंतर पेटला. मामू नवे टायर पुढे लावायला निघाले. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ड्रायव्हर पुढे, म्हणून नवा माल पुढे, हे अख्ख्या हायवेचं मत आहे. मी म्हणालो, नवे मागे, आणि मागचे पुढे. ओल्या उतारावर पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाऊ पाहते. पाय सैल केला तर सावरते. मागचे सुटले तर शेपूट पुढे यायला बघतं आणि मग सावरायला वेळ नसतो. मामूंनी माझ्याकडे, मग गाडीकडे, मग दुकानातल्या पोराकडे पाहिलं. "लगा पीछे," ते म्हणाले, "सर बोलले ना. लग्नातपण नवरदेवाला मागेच बसवतात."

फुकटच्या हवेऐवजी नायट्रोजन भरू का, असं त्यांनी विचारलं. साध्या हवेत 78 टक्के तो असतोच, असं मी सांगितल्यावर उरलेल्या 22 टक्क्यांचे किती घेऊ, असं म्हणाले. आम्ही साध्या हवेवर मिटवलं.

परवा शाळेची सहल सतराव्या लेण्यात नेली, तेव्हा ओसरीतलं भवचक्र मी नेहमीपेक्षा बारकाईने पाहिलं. इंग्रज त्याला राशिचक्र समजले आणि लेण्याला झोडिअॅक केव्ह म्हणत. आज त्या चाकाचा थोडाच भाग शिल्लक आहे. ते बदलून मिळत नाही, हे त्याचं भाग्य. नाहीतर कुणीतरी देशी घ्यावं की परदेशी, यावर समिती नेमली असती.

काढलेले दोन गोटा टायर घरी आणले, तसे आबा कुंपणाशी येऊन उभे राहिले. गोठ्यावरचे पत्रे वळवाच्या वाऱ्याने उचलतात, वर ठेवायला वजन हवं होतं. मी दिले. शिडीवर चढून त्यांनी ते नीट मांडले, खाली उतरले, आणि मान वर करून बराच वेळ पाहत राहिले.

"सर, त्यावर ते 240 म्हणालात ना?"

"हो, ताशी 240 किलोमीटर."

"मग तेवढ्या वाऱ्याला हरकत नाही," आबा म्हणाले, आणि बैल बांधायला आत गेले.